विश्लेषण: एक रायफल, अनेक बॅरल! हरणांच्या शिकारीसाठी ‘स्विच-बॅरल’ रायफल निवडताना काय पाहतात?

दक्षिण इंग्लंडमधलं एखादं गव्हाचं शेत. अजून पुरतं उजाडलेलं नाही. शेताच्या कडेला झाडाला टेकवलेल्या लाकडी मचाणावर एक माणूस रायफल घेऊन चढतो आणि तासभर न हलता बसून राहतो. हाच माणूस ऑक्टोबरमध्ये आठवडाभरासाठी स्कॉटलंडला जातो. तिथे ओल्या डोंगरउतारावर पोटावर सरपटत जाऊन त्याला तांबड्या हरणाचा नर टिपायचा असतो. इंग्लंडमधलं त्याचं हरीण १५ किलोचं, तर स्कॉटलंडमधलं दीडशे किलोचं असू शकतं. या दोन्ही कामांना एकच रायफल चालेल का?

‘चालेल, फक्त बॅरल बदला,’ असं उत्तर युरोपातल्या काही कंपन्या देतात. अशा रायफलला ‘स्विच-बॅरल’ रायफल म्हणतात. ती आखूड असते, बॅगेत मावते आणि जाहिरातीत तर फारच आकर्षक दिसते. पण आखूड बॅरलमधून सुटलेली गोळी कायद्याने ठरवून दिलेल्या ताकदीपेक्षा कमी पडू शकते. तसं झालं, तर शिकारी कायदा मोडतो आणि हरीण जागेवर न मरता जखमी होऊन पळण्याची शक्यता वाढते. म्हणून अशी रायफल निवडताना नेमकं काय पाहतात, ते समजून घेऊया.

ब्रिटनमध्ये हरणांची शिकार कायदेशीर का आहे?

ब्रिटनमध्ये रानात हरणांच्या सहा जाती आढळतात. तांबडं हरीण आणि रो हरीण या दोन जाती मूळच्या तिथल्या. फॅलो, सिका, मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डियर या चार जाती माणसाने आणल्या. यातला मुंटजॅक म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास तो इंग्लंडच्या वोबर्न इस्टेटमधून बाहेर पडला आणि पुढे दक्षिण इंग्लंडभर पसरला.

हरणांना खाणारे लांडगे आणि लिंक्स ब्रिटनमधून काही शतकांपूर्वीच संपले. त्यामुळे हरणांच्या संख्येवर नैसर्गिक लगाम उरलेला नाही. ब्रिटनमध्ये आज सुमारे २० लाख हरणं असावीत, असा अंदाज वारंवार दिला जातो. ती नव्याने लावलेल्या झाडांचे शेंडे खातात, पिकांचं नुकसान करतात आणि रस्त्यावर येऊन अपघातांना कारण ठरतात. त्यामुळे ठरलेल्या हंगामात, जमीनमालकाच्या परवानगीने आणि परवानाधारक रायफलने हरणं मारणं तिथे कायदेशीर आहे. त्यांचं मांस ‘व्हेनिसन’ नावाने विकलंही जातं.

दबक्या पावलांनी माग काढत किंवा मचाणावर दबा धरून केलेल्या या शिकारीला ‘डियर स्टॉकिंग’ म्हणतात. घोडे आणि कुत्र्यांच्या झुंडीने केलेल्या पाठलागाशी तिचा संबंध नाही. एका गोळीत, जनावराला कळायच्या आत त्याचा जीव जावा, हे या कामातलं पहिलं तत्त्व मानलं जातं. कायद्यातल्या आकड्यांमागचा हेतूही तोच आहे.

स्विच-बॅरल म्हणजे नेमकं काय?

साध्या रायफलमध्ये बॅरल, म्हणजे गोळी जिथून सुटते ती नळी, ‘रिसीव्हर’ नावाच्या धातूच्या भागात घट्ट आटे देऊन बसवलेली असते. ती काढायची तर बंदूक बनवणाऱ्या कारागिराकडेच जावं लागतं. स्विच-बॅरल रायफलमध्ये मात्र मालक स्वतः एका छोट्या चावीने, तर काही मॉडेलमध्ये नुसत्या हाताने, दोन-तीन मिनिटांत बॅरल काढून दुसरं बसवू शकतो. दस्ता आणि चाप तेच राहतात. बदलते ती नळी आणि तिच्यासोबत ‘कॅलिबर’, म्हणजे गोळीचा व्यास आणि काडतुसाचा प्रकार.

या प्रकारात जर्मन कंपन्यांचा दबदबा आहे. इस्नी गावच्या ‘ब्लाझर’ कंपनीची ‘आर९३’ १९९३ मध्ये आली आणि २००८ मध्ये तिची जागा ‘आर८’ने घेतली. ‘माउझर एम०३’ आणि ‘झाउअर ४०४’ याच पठडीतल्या. झूल शहरातल्या ‘मेर्केल’ कंपनीच्या ‘हेलिक्स’ रायफलचं बॅरल कोणत्याही अवजाराशिवाय निघतं. याशिवाय ‘ब्लाझर के९५’सारख्या एकच काडतूस घेणाऱ्या, मधोमध मोडून उघडणाऱ्या रायफली आहेत. त्यांच्यातही बॅरल बदलता येतं.

काडतुसाचा मागचा भाग धरणाऱ्या तुकड्याला ‘बोल्ट हेड’ म्हणतात. बॅरल बदललं की बोल्ट हेड बदलावं लागेल की नाही, हे काडतुसाच्या बुडाच्या व्यासावर ठरतं. .२४३, .३०८, .२७० आणि .३०-०६ या सगळ्या काडतुसांचं बूड साधारण १२ मिलिमीटरचं असतं, म्हणून त्यांना एकच बोल्ट हेड पुरतं. .२२३ चं बूड लहान, सुमारे ९.६ मिलिमीटरचं. मॅग्नम काडतुसांचं मोठं, सुमारे १३.५ मिलिमीटरचं. अशा वेळी वेगळं बोल्ट हेड घ्यावं लागतं आणि खर्च वाढतो. लांबी वेगळी असेल तर मॅगझिन किंवा त्यातला आतला तुकडाही बदलावा लागतो. म्हणजे ‘फक्त बॅरल बदला’ हे प्रत्येक वेळी खरं नसतं.

‘कॉम्पॅक्ट’ रायफल कशाला हवी?

याची तीन मुख्य कारणं आहेत. पहिलं म्हणजे जागा. मचाण अरुंद असतं, जंगलात फांद्या आडव्या येतात आणि गाडीतून सारखं चढ-उतार करावं लागतं. लांब रायफल या प्रत्येक ठिकाणी अडते.

दुसरं कारण सायलेन्सरचं. ब्रिटनमध्ये हरणांचे शिकारी मोठ्या प्रमाणावर सायलेन्सर, तिथल्या भाषेत ‘मॉडरेटर’, वापरतात. चित्रपटात दाखवतात तसा तो आवाज गायब करत नाही. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका ऐकू येतोच. पण नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटासारखा आवाज आणि खांद्याला बसणारा धक्का बराच कमी होतो, त्यामुळे कानांचं रक्षण होतं. मात्र मॉडरेटर लावला की लांबी १० ते २० सेंटीमीटरने वाढते. ही वाढ भरून काढायला आखूड बॅरलची मागणी वाढली.

तिसरं कारण प्रवास. बॅरल आणि दस्ता वेगळे केले की रायफल छोट्या पेटीत बसते.

कॉम्पॅक्टपणा दोन मार्गांनी येतो आणि इथेच गफलत होते. एक मार्ग रचनेचा. ‘आर८’सारख्या रायफलमध्ये मॅगझिन आणि चाप एकाच जागी वर-खाली बसवलेले असल्याने, बॅरल तेवढंच ठेवूनही एकूण लांबी काही सेंटीमीटरने घटते. मोडून उघडणाऱ्या एकबारी रायफलमध्ये मॅगझिनही नसतं आणि लांब रिसीव्हरही नसतो. ती सगळ्यात आटोपशीर असते आणि वजनही अडीच किलोच्या आसपास भरतं. दुसरा मार्ग सरळ बॅरल कापण्याचा. पहिल्या मार्गात गोळीचा वेग कमी होत नाही, दुसऱ्यात होतो. त्यामुळे ‘एकूण लांबी किती’ यासोबत ‘त्यातलं बॅरल किती’ हेही विचारावं लागतं.

कायदा गोळीची ताकद का मोजतो?

हरीण मारायला कोणती गोळी चालेल, हे ब्रिटनमध्ये शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा ‘डियर अॅक्ट’ लागू आहे. त्यानुसार रायफलचं कॅलिबर किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल लागते. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डियर या लहान जातींसाठी सूट आहे. तिथे किमान .२२० इंच कॅलिबर, किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा आणि किमान ५० ग्रेन वजनाची गोळी चालते. (१०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम.) गोळी लागल्यावर फुलणारी असावी, ही अटही आहे.

स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिथे सर्व जातींसाठी गोळीची ऊर्जा किमान १,७५० फूट-पाउंड आणि वेग सेकंदाला किमान २,४५० फूट असावा लागतो. गोळीचं किमान वजन आधी १०० ग्रेन होतं, ते २०२३ मध्ये ८० ग्रेन करण्यात आलं. रो हरणासाठी मात्र तिथे ५० ग्रेनची गोळी आणि १,००० फूट-पाउंड ऊर्जा पुरते.

यातून एक गंमत होते. .२२३ कॅलिबरने रो हरीण मारणं स्कॉटलंडमध्ये कायदेशीर आहे. सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये आलात की तेच हरीण, तीच रायफल आणि तीच गोळी बेकायदा ठरते. दोन्हीकडे शिकार करणाऱ्याला हे माहीत असावंच लागतं.

जर्मनीत वेगळीच पट्टी आहे. तिथे ऊर्जा नळीच्या तोंडाशी नव्हे, तर १०० मीटरवर मोजतात. रो हरणासाठी किमान १,००० ज्यूल, तर इतर खूरवाल्या मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २,००० ज्यूल लागतात. .२४३ ची गोळी साधारण ६.२ मिलिमीटरची, म्हणजे तांबड्या हरणासाठी किंवा रानडुकरासाठी ती जर्मनीत चालत नाही.

बॅरल आखूड केलं तर किती फरक पडतो?

काडतुसातली दारू जळून तयार झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळी जितकी लांब, तितका वेळ हा दाब गोळीवर काम करतो. नळी कापली की वेग घटतो. प्रत्येक इंचामागे ही घट साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद धरतात. नेमका आकडा काडतूस आणि दारूनुसार बदलतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग थोडा घटला तरी ऊर्जा जास्त घटते.

इंचामागे २५ फूट घट धरून हिशेब करूया. सुरुवातीचा वेग २४ इंची बॅरलसाठी दिला जाणारा नेहमीचा आकडा आहे.

.२४३ कॅलिबर, १०० ग्रेनची गोळी:
- २४ इंच (६१ सेंमी) बॅरल: वेग २,९६० फूट, ऊर्जा सुमारे १,९४६ फूट-पाउंड
- २० इंच (५१ सेंमी): वेग २,८६० फूट, ऊर्जा सुमारे १,८१७
- १८ इंच (४६ सेंमी): वेग २,८१० फूट, ऊर्जा सुमारे १,७५४
- १६ इंच (४१ सेंमी): वेग २,७६० फूट, ऊर्जा सुमारे १,६९२

.३०८ कॅलिबर, १५० ग्रेनची गोळी:
- २४ इंच: वेग २,८२० फूट, ऊर्जा सुमारे २,६४९ फूट-पाउंड
- २० इंच: वेग २,७२० फूट, ऊर्जा सुमारे २,४६५
- १८ इंच: वेग २,६७० फूट, ऊर्जा सुमारे २,३७५
- १६ इंच: वेग २,६२० फूट, ऊर्जा सुमारे २,२८७

हे आकडे नीट पाहिले की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो. १८ इंची बॅरलमध्ये .२४३ स्कॉटलंडच्या १,७५० च्या रेषेवर कशीबशी उभी आहे. १६ इंचात ती इंग्लंडच्या १,७०० च्याही खाली घसरते. म्हणजे दुकानात ‘डियर रायफल’ म्हणून आवडलेली गोष्ट, त्या विशिष्ट काडतुसासोबत हरणावर वापरणं बेकायदा ठरू शकतं. .३०८ मात्र १६ इंचातही दोन्ही मर्यादांच्या बरीच वर राहते. त्यामुळेच आखूड बॅरल हवं असेल, तर जाणकार .३०८ सुचवतात.

काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग बहुतेकदा लांब चाचणी-बॅरलमधला असतो. आपल्या बॅरलमधला खरा वेग कळायचा असेल तर ‘क्रोनोग्राफ’ हे वेगमापक यंत्र लावून काही गोळ्या झाडून पाहणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

शिशाऐवजी तांब्याची गोळी आली, तर?

शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात आणि रानात उरतात. पक्ष्यांना आणि माणसांनाही त्यातून विषबाधेचा धोका असतो. म्हणून शिशाचा दारूगोळा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. आज बॅरल घेणाऱ्याने ते पुढे तांब्याची गोळी झाडणार, असं धरूनच चालायला हवं.

तांबं शिशापेक्षा हलकं असतं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी तिला अधिक वेगाने गिरकी मिळावी लागते. ही गिरकी नळीच्या आतल्या पीळदार चरांमुळे मिळते. जुन्या घडणीच्या काही .२४३ बॅरलमध्ये हा पीळ सैल असतो, तिथे लांब गोळीचा नेम बिघडू शकतो. दुसरं म्हणजे तांब्याची गोळी कडक असल्याने ती नीट फुलायला वेग लागतो. आखूड बॅरल आणि लांबचा नेम एकत्र आले, तर गोळी पुरेशी न फुलता आरपार जाऊ शकते. हरीण मग लगेच न पडता दूरवर पळतं.

स्कॉटलंडने गोळीचं किमान वजन ८० ग्रेनवर आणलं, त्यामागेही तांब्याच्या हलक्या गोळ्यांना वाट करून देण्याचाच विचार होता. बॅरल घेताना ‘पीळ किती’ आणि ‘यातून तांब्याची कोणती गोळी चांगली जाते’ हे दोन प्रश्न म्हणूनच विचारायचे.

बॅरल बदललं तरी नेम तोच राहतो का?

ज्या रायफलमध्ये दुर्बीण थेट बॅरलवर बसते, तिथे नळी आणि दुर्बीण यांचं नातं तुटत नाही. ‘ब्लाझर आर८’मध्ये अशीच रचना आहे. दोन बॅरलना दोन वेगळ्या दुर्बिणी लावून ठेवल्या, तर प्रत्येक जोडीचा नेम कायम राहतो. पण त्याचा अर्थ दुसऱ्या चांगल्या दुर्बिणीचा आणि माउंटचा खर्च. एकच दुर्बीण दोन्ही बॅरलवर फिरवली, तर दर वेळी नेम नव्याने लावावा लागतो किंवा किती खूण फिरवायची हे लिहून ठेवावं लागतं.

काही रायफलींत दुर्बीण रिसीव्हरवर बसते. तिथे बॅरल बदलल्यावर नेम तपासल्याशिवाय जनावरावर गोळी झाडायचीच नाही.

खरेदीआधी एक साधी चाचणी करता येते. १०० मीटरवर तीन गोळ्या झाडायच्या. मग बॅरल काढून पुन्हा बसवायचं, स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ताणापर्यंत आवळायचे आणि आणखी तीन गोळ्या झाडायच्या. असं तीन-चार वेळा केल्यावर सगळ्या गोळ्या एकाच पुंजक्यात पडल्या, तर रायफलवर भरवसा ठेवता येतो. पुंजका सरकत असेल, तर बॅरल बदलण्याची सोय कागदावरच राहिली.

परवान्याचं काय?

ब्रिटनमध्ये रायफलसाठी पोलिसांकडून ‘फायरआर्म सर्टिफिकेट’ घ्यावं लागतं. ते पाच वर्षांसाठी असतं. रायफल का हवी याचं ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं, डॉक्टरांकडून आरोग्याची माहिती द्यावी लागते आणि घरात पक्की कुलूपबंद तिजोरी लागते. १९८७ च्या हंगरफोर्ड हत्याकांडानंतर ब्रिटनने १९८८ मध्ये कायदा बदलून आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या मोठ्या कॅलिबरच्या रायफलींवर बंदी आणली. त्यामुळे हरणांसाठी हाताने बोल्ट ओढायच्या किंवा मोडून उघडणाऱ्या रायफलीच वापरात आहेत.

स्विच-बॅरल घेणाऱ्यांचा एक गैरसमज इथे दूर होतो. ‘रायफल एकच आहे, मग परवानाही एकदाच’ असं नसतं. जादा बॅरल हा रायफलचा नियंत्रित भाग मानला जातो. त्याची सर्टिफिकेटवर वेगळी नोंद लागते आणि त्या कॅलिबरसाठीही कारण द्यावं लागतं. तिजोरीत जागा वाचते, कागदपत्रं वाचत नाहीत. जुनं बॅरल विकत घेताना त्यावर मान्यताप्राप्त ‘प्रूफ’चे शिक्के आहेत का, हेही पाहावं लागतं. जास्त दाबाचं काडतूस झाडून नळीची ताकद तपासल्याची ती खूण असते.

सुरक्षेच्या दृष्टीने काय वेगळं?

यातल्या बऱ्याच जर्मन रायफलींत नेहमीच्या सेफ्टीऐवजी हाताने ‘कॉक’ करण्याची सोय असते. काडतूस भरलेलं असलं तरी अंगठ्याने कळ पुढे ढकलेपर्यंत आतली स्प्रिंग ताणलेलीच नसते. त्यामुळे मचाणावर चढताना किंवा उतारावर घसरल्यास चुकून गोळी सुटण्याचा धोका कमी होतो. मात्र ही कळ जरा जड असते. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, हातमोजे घालून ती ढकलता येते का, हे दुकानातच करून पाहावं.

स्विच-बॅरलचा स्वतःचा एक धोका आहे, तो म्हणजे काडतुसांची अदलाबदल. .२४३ चं काडतूस .३०८ वरूनच तयार झालं आहे, त्यामुळे ते .३०८ च्या बॅरलमध्ये बसू शकतं. तिथे गोळी नळीत सैल राहते, काडतूस फाटतं आणि नेमाचा तर प्रश्नच उरत नाही. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्या बॅरलमध्ये गेलं, तर नळी फुटून माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून दोन बॅरल बाळगणारे अनुभवी लोक एक नियम पाळतात. आज जे बॅरल लावलंय, तेवढीच काडतुसं खिशात. बाकीची घरी, कुलपात.

मग दुसरं बॅरल खरंच लागतं का?

सुरुवातीला पाहिलेल्या माणसाकडे परत येऊया. त्याला इंग्लंडमध्ये रो हरीण आणि मुंटजॅक मारायचे आहेत आणि वर्षातून एकदा स्कॉटलंडमध्ये तांबडं हरीण. मुंटजॅकचं वजन १० ते १८ किलो, तर तांबड्या नराचं ९० ते १९० किलो. फरक प्रचंड आहे. तरीही .३०८ किंवा ६.५ मिलिमीटरचं एखादं काडतूस सहाही जातींसाठी, सीमेच्या दोन्ही बाजूंना, कायद्यात बसतं. छातीत नेमकी बसलेली गोळी दोन्ही आकारांच्या जनावरांना पुरते. म्हणजे ज्या कारणासाठी तो स्विच-बॅरल घ्यायला निघाला, ते काम एकाच बॅरलमध्ये होतं.

पैशांचाही विचार आहेच. चांगल्या स्विच-बॅरल रायफलच्या किमतीत दोन साध्या, नेमाला पक्क्या रायफली येऊ शकतात. एका जादा बॅरलची किंमत अनेकदा नव्या साध्या रायफलच्या आसपास जाते. त्यात दुसरी दुर्बीण, माउंट आणि मॉडरेटर धरला की ‘एकात दोन’ची बचत उरत नाही.

तरीही काही जणांना दुसरं बॅरल खरंच उपयोगी पडतं. जो वर्षभर इंग्लंडमध्ये शिकार करतो आणि जर्मनीत रानडुकरांसाठीही जातो, त्याला वेगळं कॅलिबर लागू शकतं. ज्याच्याकडे तिजोरीत जागा नाही, त्यालाही सोय होते. शिवाय दोन्ही कामांत तोच दस्ता, तोच चाप, तीच कळ हातात असते. गडबडीच्या क्षणी हात आपोआप योग्य जागी जातो, हा फायदा छोटा नाही.

निवड कोणत्या क्रमाने करायची?

जाहिरात रायफलपासून सुरू होते. निवड मात्र हरणापासून सुरू करावी लागते. क्रम असा ठेवता येतो:

१. कोणतं जनावर, कोणत्या प्रदेशात आणि किती अंतरावर? जंगलात बहुतेक नेम १०० मीटरच्या आत असतात, स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरावर १०० ते २०० मीटर.

२. तिथला कायदा काय मागतो? दोन ठिकाणी शिकार असेल, तर त्यातली कडक अट धरायची.

३. ती अट तांब्याच्या गोळीने पूर्ण करणारं कॅलिबर कोणतं?

४. त्या कॅलिबरला किमान किती बॅरल लागतं? .२४३ साठी २० इंच किंवा जास्त, .३०८ साठी १६ ते १८ इंचही चालतं.

५. मॉडरेटर आणि दुर्बिणीसह एकूण लांबी आणि वजन किती? साधारण तीन किलोची रायफल या दोन्हींसह चार किलोपुढे सहज जाते.

६. बॅरल काढून-बसवून नेम टिकतो का? क्रोनोग्राफवर वेग किती?

७. दुसरं बॅरल हवंच का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. पहिल्या बॅरलवर निदान एक हंगाम काढल्यावर.

नवशिक्याने तर रायफल घेण्याआधी ‘डियर स्टॉकिंग सर्टिफिकेट’ची पहिली पातळी पूर्ण करावी, असं तिथले जाणकार सांगतात. त्यात हरणांच्या जाती ओळखणं, कायदा, सुरक्षितता आणि नेमबाजी यांची परीक्षा असते. गोळी चुकलीच, तर जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा हाताशी असावा, हेही तिथे शिकवतात.

भारतात अशी शिकार करता येते का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, भेकर अशा रानातल्या हरणांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे भारतातल्या वाचकांसाठी हा विषय समजून घेण्यापुरता आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र तो प्रत्यक्ष भेटू शकतो. एखादा शेतकरी मित्र स्टॉकिंगला बोलावतो किंवा स्कॉटलंडच्या सहलीत तसा पर्याय समोर येतो. अशा वेळी स्वतःची रायफल घेण्याची घाई नको. खासगी जमिनीवर, परवानाधारकाच्या देखरेखीखाली त्याची रायफल वापरण्याची मुभा तिथला कायदा काही अटींवर देतो. एखाद-दोन पहाटा मचाणावर काढल्या की आपल्याला काय झेपतं, कळतं. रायफलची चौकशी त्यानंतर केली तरी उशीर होत नाही.